प्लास्टर चढायच्या आधी वायर बघा

आमच्या स्वयंपाकघरातले पॉइंट ज्यानं ठरवले, त्यानं ओट्यापुढं उभं राहून कधी दोन भाकरी थापल्या नसतील. राग अजून उतरलेला नाही, म्हणून आधीच सांगते की हे लिहिणं शांत डोक्यानं होणार नाही.

मी कागदावर सगळं काढून दिलं होतं. शेगडी कुठं, मिक्सर कुठं, फ्रिज, घरघंटी, पाण्याचं मशीन, इंडक्शन. फूट-इंचासकट. गुत्तेदारानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला टेन्शन घेता? अर्धी हिंगोली आपल्या हाताखालून गेलीय." तो कागद पुन्हा कधी बाहेर निघाला नाही. भिंतीला झिऱ्या मारताना मी विचारलं, "शेगडीच्या डोक्यावर बोर्ड का घेताय?" तर उत्तर मला नाही, ह्यांना दिलं. "साहेब, पाइप सरळ खाली उतरतो, वायर वाचते." प्रश्न माझा, स्वयंपाक माझा, आणि उत्तर साहेबांना. ते मला आजही बोचतं.

वायर वाचली. शेगडीवरच्या बोर्डावर फोडणीचं तेल आणि वाफ बसून बटणं महिन्याभरात चिकट झाली. मिक्सरची वायर हातभर असते, तो कोपऱ्यात सिंकला खेटून ठेवावा लागला. फ्रिजचा पॉइंट बरोबर फ्रिजच्या पाठीमागं. बंद करायचा तर आख्खा फ्रिज ओढा. इथपर्यंत मी सोसलं असतं. गैरसोय होती, धोका दिसत नव्हता.

पण इंडक्शन आणि किटली एकदम लावली की एमसीबी पडायची. गुत्तेदाराला फोन केला, तो लगेच आला, म्हणाला, "एमसीबी लहान आहे, मोठी टाकतो." टाकली. पडायची थांबली. आम्ही त्याला चहा पाजला, आभार मानले. मग सासूबाई म्हणायला लागल्या, फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात. त्या घरात अनवाणी असतात. पुन्हा फोन. "आजी, ओला हात लावत असाल. काही होत नसतंय." सत्तरी ओलांडलेल्या बाईला हे उत्तर!

शेवटी कळमनुरीकडचा एक वायरमन ओळखीतून बोलावला. त्यानं मेन बंद केली, बोर्डाचे स्क्रू काढले, प्लेट पुढं ओढली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मावशी, हे बघा." सोळा अँपिअरच्या चार सॉकेटांना मिळून एकच वायर आली होती, एकातून दुसऱ्यात उडी मारत गेलेली. आणि ती दीडची. म्हणजे दीड चौरस मिलिमीटर, दिव्या-पंख्याला वापरतात ती. आमच्या अंदाजपत्रकात चारच्या वायरीच्या दोन स्वतंत्र लाइनी लिहिलेल्या होत्या. पैसेही तेवढ्याचेच घेतले होते. हिरवी वायर होती, पण डब्यात कापून वाकवून ठेवलेली. सॉकेटचं वरचं मोठं छिद्र रिकामं. त्यानं मेन पुन्हा चालू करून शंभराचा बल्ब होल्डरला लावून फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लागला. एक सॉकेट त्या हिरव्या वायरीला जोडून तिथं फेज आणि हिरव्या वायरीमध्ये धरला, लागला नाही. वायर दुसऱ्या टोकालाही कुठंच जोडलेली नव्हती. घरभर अर्थिंग नाही. (हा प्रयोग वायरमनलाच करू द्या. आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारी कळ, असेल तर अर्थिंग चांगलं असतानाच ती पडते, हे त्यानंच सांगितलं.)

मग त्यानं डीबी, म्हणजे एमसीबी असतात ती पेटी, उघडली. बदललेली एमसीबी बत्तीस अँपिअरची होती. एमसीबी असते ती वायरीला राखायला. दीडच्या वायरीवर बत्तीसची एमसीबी बसवली की वायर भिंतीत तापून वितळेल, पण एमसीबी पडणार नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गुत्तेदाराला पहिल्याच फोनला कळलं होतं. आत काय टाकलंय हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तर त्यानं एका मिनिटात उपाय काढला. आम्ही दिलेला चहा तो समोर बसून प्यायला आणि वर आमच्या घरात आग लावायची सोय करून गेला. फोन केला तर म्हणाला, "आता टाइल्स फोडाव्या लागतील, तो खर्च तुमचा." त्यानंतर फोन उचललाच नाही.

आता ज्यांच्याकडं काम निघणार आहे त्यांच्यासाठी.

ओटा आणि ट्रॉल्यांचं माप पक्कं झाल्याशिवाय भिंतीला छिन्नी लागू देऊ नका. भिंतीवर खडूनं शेगडी, मिक्सर, फ्रिज काढा आणि स्वयंपाक जो करतो त्याला तिथं उभं करा. बोर्ड ओट्याच्या वर आठ-दहा इंच असावा, शेगडीपासून आणि नळापासून बाजूला किमान दोन-दोन फूट. शेगडीच्या वर फक्त चिमणीचा पॉइंट, तोही चिमणीच्या वरच्या अंगाला. फ्रिजचं सॉकेट मागं चालेल, पण बटण बाजूला, हात पोहोचेल तिथं. घरघंटी जमिनीवर असते, तिचा पॉइंट फरशी पुसताना पाणी लागणार नाही एवढा उंच घ्या.

सिलिंडरच्या कप्प्यात सॉकेट किंवा बटण अजिबात नको. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खालीच साचतो आणि बटणाची एक ठिणगी पुरते. पाण्याच्या मशीनचा पॉइंट ओट्याखाली घ्यायचा म्हणून आमच्याकडं तो नेमका तिथंच घेतला होता.

हिशेब सोपा आहे, वॅटला 230 नं भागा. दोन हजार वॅटचं इंडक्शन जवळपास नऊ अँपिअर ओढतं, दीड हजारची किटली साडेसहा. दोन्ही मिळून झाले पंधराच्या वर. म्हणून इंडक्शन-ओव्हनला डीबीपासून चारची वेगळी लाइन, मिक्सर-फ्रिजला अडीचची वेगळी. अडीचच्या वायरीवर सोळाची एमसीबी, चारच्या वायरीवर वीस-पंचवीसची. एमसीबी सारखी पडत असेल तर मोठी टाकून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सोळाचा पिन सहाच्या सॉकेटात बसवायचे अडॅप्टर मिळतात, ते घरात आणू नका. इन्व्हर्टरवर दिवे आणि पाण्याचं मशीन ठेवा, मिक्सर नको. भार बराच वाढत असेल तर महावितरणकडं मंजूर भार वाढवून घ्या.

वायरीची बंडलं स्वतः विकत आणा. एक बंडल सहसा नव्वद मीटरचं असतं. वायरीच्या अंगावर जाडी आणि आयएसआय चिन्ह छापलेलं असतं, ते वाचा, खोकी जपून ठेवा.

अर्थिंगचं आपल्या भागात जास्त बघायला पाहिजे. काळी माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते, पण मे महिन्यात भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. काही वायरमन तिसरा पिन न्यूट्रललाच जोडून देतात, हे सगळ्यात वाईट. न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यात थेट करंट येतो. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, तिचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा, पण ती आहे म्हणून अर्थिंग सोडू नका.

काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या, कायदाही तेच सांगतो. नवं मीटर घेताना टेस्ट रिपोर्ट मागतात. जुन्या घरात स्वयंपाकघर नवं केलं तर मात्र तपासायला कुणी येत नाही, आणि असली माणसं त्याचाच फायदा घेतात. स्वस्तात करतो म्हणणाऱ्याच्या मागं जाऊ नका, सगळं लिहून घ्या.

नव्या वायरमननं डीबीपासून चारच्या लाइनी ओढून दिल्या, खड्डा खणून अर्थिंग केलं. टाइल्स फोडायच्या नव्हत्या, म्हणून नव्याकोऱ्या पांढऱ्या टाइल्सवरून प्लास्टिकची पट्टी गेलीय. पाहुणे विचारतात, मी सगळ्यांना सगळं सांगते.

तुमच्याकडं काम चालू असेल तर आज संध्याकाळी गवंडी गेल्यावर भिंतीजवळ जा. डब्यातून किती वायरी निघाल्यात, त्यांच्यावर काय छापलंय, हिरवी कुठं जाते ते बघा, टेप धरून फोटो काढा. जुळत नसेल तर प्लास्टर थांबवा आणि शेवटचा हप्ता हातात ठेवा.