गाडी विकण्याआधी झोप परत येऊ द्या

प्रश्न : माझे वय २७. बऱ्हाणपूरला यंत्रमागावर कामाला आहे. चार वर्षांचे नाते गेल्या महिन्यात तुटले. सुटीच्या दिवशी आम्ही मोटारसायकलवरून असीरगडला जायचो. आता गाडी दिसली की छातीत धडधडते. झोप लागत नाही, मग मध्यरात्री उठून त्याच रस्त्याने एकटाच गाडी पळवतो. घरचे म्हणतात, विकून टाक. विकू का?

उत्तर : गाडी विकायची की ठेवायची, हे ठरवायला वेळ आहे. आज रात्री ती चालवायची की नाही, हे मात्र आजच ठरवायला हवे. चालवू नका. किल्ली आईकडे किंवा भावाकडे द्या आणि का देताय तेही सांगा.

यामागचे कारण शरीराचे आहे. नाते तुटल्यावर शरीर संकटात वागावे तसे वागते. ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, नाडी जलद चालते, भूक मरते, झोप उडते. अमेरिकेतल्या हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेमात नकार मिळालेल्या १५ जणांच्या मेंदूची तपासणी २०१० साली प्रसिद्ध केली. सोडून गेलेल्या व्यक्तीचा फोटो समोर आला, की व्यसनाच्या ओढीशी जोडलेले मेंदूतले भाग जागे होत होते. तुमच्यासाठी ती मोटारसायकल त्या फोटोसारखीच आहे. तिला पाहून होणारी धडधड म्हणजे दुबळेपणा नव्हे. पण त्या ओढीच्या भरात हँडल हातात घेणे धोक्याचे आहे.

त्यात जागरण. सलग १७ ते १९ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका किंवा त्याहूनही मंद वागू शकतो, असे २००० सालच्या एका अभ्यासात दिसले. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभरही न घेता तुम्ही नशेत असल्यासारखे रस्त्यावर असता. तो रस्ताही कसा, तर इंदूर-इच्छापूर महामार्ग : ट्रकांची वर्दळ, सातपुड्याची वळणे, समोरून डोळे दिपवणारे दिवे. दारू, झोपेची गोळी किंवा सुस्ती आणणारे सर्दीचे औषध घेतले असेल, तर दिवसाही किल्लीला हात लावू नका. आणि झोपेची गोळी मित्राकडून मागून घेऊ नका.

पहिले काम झोपेचे. रोज ठरल्या वेळी उठा, दुपारनंतर चहा बंद, रात्री फोन दुसऱ्या खोलीत. कामाला बसने किंवा सोबत्याच्या गाडीवर मागे बसून जा. दिवसा अर्धा तास चाला, दोन वेळा जेवा, आणि एका तरी माणसाशी मोकळेपणाने बोला.

झोप सलग दोन आठवडे सुधारलेली राहिली, की गाडीचा विचार करा. आधी जवळची फेरी, भर दिवसा, मित्राला मागे बसवून. दोघांनाही हेल्मेट हवे. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघाती मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी घटतो. मग एखाद्या सकाळी असीरगडपर्यंत जाऊन या. प्रत्येक फेरीनंतर धडधड थोडी कमी होत असेल, तर आठवणीची धार बोथट होते आहे. मग आठवणीपायी गाडी विकण्याचे कारण उरत नाही.

काही वेळा विकणेच आरोग्याचे असते. हप्ता झेपत नसेल. राग आला की हात आपोआप किल्लीकडे जात असेल. किंवा गाडी काढली की ती त्या मुलीच्या घरावरूनच जात असेल. तसे होत असेल तर ते आजच थांबवा. तिला नको असताना तिच्या मागे जाणे तिला भीतीत ढकलते, आणि पाठलाग हा गुन्हाही आहे. गाडी विकलीत तर दिवसाउजेडी, घरचे माणूस सोबत घेऊन विका. कर्ज असेल तर बँकेची एनओसी घ्या आणि आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली का, ते स्वतः पाहा. रागाच्या दिवशी मिळेल त्या भावात दिलेली गाडी महिनाभराने दुसरे दुःख होते.

असीरगडच्या परिसरात सांगतात, की अश्वत्थामा कपाळावरची न भरणारी जखम घेऊन आजही तिथे भटकतो आणि जखमेसाठी तेल मागतो. मनाची जखम भरत नाही असे वाटणाऱ्या प्रत्येक तरुणाला मी ठामपणे सांगतो, की तुमच्यावर तसा शाप नाही. बहुतेकांचे दुःख काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरणीला लागते. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटत असेल, कशात रस नसेल, काम होत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. नैराश्यावर चांगले उपचार आहेत.

धडधडीसोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर वाट न पाहता ईसीजी काढा. तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा पडण्याचा आजार जपानी डॉक्टरांनी १९९० साली वर्णिला. तरुणांत तो क्वचित दिसतो, पण तपासल्याशिवाय कळत नाही.

आणि मध्यरात्री वेग वाढवताना ‘काय व्हायचे ते होवो’ असा विचार एकदाही आला असेल, तर तो घरच्यांपासून लपवू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास, मोफत चालू असतो. तिथे बोला, आणि त्या रात्री एकटे राहू नका.

घरच्यांनाही एक विनंती. ‘विसरून जा’ म्हणू नका. किल्ली सांभाळा, वेळेवर जेवायला बोलवा, आणि तो बोलायला लागला की मध्ये न थांबवता ऐका. त्याला झोप लागू लागली, की गाडीचा निर्णय त्याचा त्यालाच नीट घेता येईल.