नोकरी नको असेल तर तसं कळवा

"सर, मुलाकडे तीन ऑफर आहेत. तिन्हींना हो म्हणून ठेवू का? मग जी बरी वाटेल तिथे जाईल." निकाल लागले की हा प्रश्न हुबळीहून येतो, धारवाडहून येतो, बेळगावहून तर हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा मुलगा नसतो, त्याचे वडील असतात. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही.

मुलाखतीला दहा मिनिटं आधी पोहोचा, बायोडेटा एका पानात बसवा, कपडे इस्त्रीचे घाला, हे सगळं यूट्यूबवर आहे. ते मुलांना पाठही असतं. अडतं ते मुलाखत झाल्यानंतर. तीन ठिकाणी सही करायची, एका ठिकाणी रुजू व्हायचं आणि उरलेल्या दोघांचे फोन उचलायचे नाहीत, ही आता हुशारी समजली जाते. तिकडे कंपनीने बसायची जागा केलेली असते, आयडी कार्ड छापलेलं असतं आणि प्रतीक्षा यादीतल्या मुलीला नाही म्हटलेलं असतं. ती मुलगी कदाचित तुमच्याच वर्गातली असते. आणि पुढच्या वर्षी ती कंपनी तुमच्या कॉलेजात यायला काचकूच करू लागली, तर प्लेसमेंट ऑफिसरला दोष देऊ नका.

पालकांचा युक्तिवाद ठरलेला असतो: कंपन्या तरी कुठे शब्द पाळतात? मुद्दा खरा आहे. 2022च्या बॅचमधल्या कित्येक मुलांना मोठ्या आयटी कंपन्यांनी ऑफर लेटर देऊन महिनोन्‌महिने ताटकळत ठेवलं, काहींना तर दोन वर्षं. म्हणून दोन ऑफर हातात असण्यात गैर काही नाही. मुदत वाढवून मागा, रुजू होण्याची तारीख लेखी विचारा, बिनदिक्कत विचारा. पण निर्णय झाला की त्याच दिवशी कळवा. मेल चार ओळींचा पुरतो: "आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे. मी दुसरी नोकरी स्वीकारली आहे, त्यामुळे रुजू होऊ शकणार नाही. ही जागा दुसऱ्या उमेदवाराला देता यावी म्हणून आजच कळवत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व." खाली नाव आणि फोन नंबर. एवढं लिहायला मुलं घाबरतात, कारण नाही म्हणण्याची सवय घरातच लागलेली नसते. शाखा बाबांनी निवडलेली, शहर मामांनी सुचवलेलं, कंपनी शेजारच्यांना सांगायला बरी म्हणून ठरलेली. अशा मुलाने एचआरला स्पष्ट उत्तर द्यायचं म्हणजे आधी बाबांना द्यावं लागतं. ते जमत नाही, मग फोन बंद ठेवतो.

आता थेट पालकांशी बोलतो. हुबळीच्या गोकुळ रोडवर कुठल्याही मुलाखतीच्या दिवशी उभे राहा. गेटबाहेर स्कूटर लावलेले वडील दिसतील, आणि फाइल मुलाच्या हातात नसून त्यांच्या काखेत असते. एका वर्कशॉपमध्ये मालकाने मुलाला विचारलं, "लेथवर हात बसलाय का?" उत्तर वडिलांनी दिलं, "शिकेल हो, हुशार आहे." मालक हसले, चहा पाजला आणि दोघांना निरोप दिला. पगार किती, सुट्ट्या किती, रात्रपाळी आहे का, हे विचारायला एचआरला फोन करणारे पालकही असतात. तुम्हाला ती काळजी वाटते. समोरच्याला दिसतं ते एवढंच, की या मुलाला साधा फोनही करता येत नाही.

याच हुबळीच्या एका मुलीची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे, पण निम्मीच. बीव्हीबी कॉलेजातून इंजिनिअर झालेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, 1974 मध्ये बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, शिकत होत्या. महिलांनी अर्ज करू नये, असं टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत वाचून त्यांनी थेट जेआरडी टाटांना तक्रारीचं पोस्टकार्ड टाकलं. खरं तर टेल्को चालवत होते सुमंत मुळगावकर. तेही त्यांना ठाऊक नव्हतं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, कंपनीच्या खर्चाने. इथवर सगळे सांगतात. पुढचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे: नोकरी मिळणार नाहीच असं गृहीत धरून त्या मुलाखतीत जरा उद्धटपणे बोलल्या, आणि त्याची त्यांना पुढे लाज वाटत राहिली. स्वतःच्या नावाने तक्रार करणं हा उद्धटपणा नव्हता. समोर बसलेल्या माणसांशी तुटक वागणं हा होता. मुलांना हा फरक कळायला हवा. आणि हो, ते पोस्टकार्ड वडिलांनी लिहिलेलं नव्हतं.

गोकुळ रोडवर पालकांचे डोळे विमानतळासमोरच्या इन्फोसिसकडे लागलेले असतात, नाहीतर वायव्य कर्नाटक परिवहनच्या कचेरीकडे. पण आयटीत लागलाच, तर मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूलाच जावा असा हट्ट असतो. गंमत अशी, की 2024 मध्ये इन्फोसिसनेच आपल्या लोकांनी हुबळीला बदली मागावी म्हणून आठ लाखांपर्यंत प्रोत्साहन रक्कम देऊ केली होती. याच रोडवरच्या इंडस्ट्रियल इस्टेटकडे मात्र कुणी वळून बघत नाही. तिथे व्हॉल्व्हचे, मशीनिंगचे लहान कारखाने आहेत. डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्या मुलाने तिथे स्वतः जावं, सकाळी पाळी सुरू होण्याच्या गडबडीत नव्हे, दुपारनंतर. सुपरवायझरची वेळ घ्यावी, येईल तेवढं कन्नड बोलावं आणि अप्रेंटिस म्हणून घेता का, असं विचारावं. 1961च्या अप्रेंटिस कायद्याखाली विद्यावेतन मिळतं, शेवटी प्रमाणपत्रही मिळतं. नाही म्हणाले तरी आभार मानून निघावं. पुढच्या महिन्यात जागा निघाली तर तोंडओळख कामी येते. शिष्टाचार शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. पॅकेज सांगायला बरं वाटत नाही म्हणून पालक ती बंद करून टाकतात.

खोटं अनुभवपत्र विकत घेणाऱ्यांसाठी एकच सांगतो. पीएफचा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. कंपनीने तो मागितला की तुम्ही कुठे, किती महिने होतात ते कळतं, आणि दाखवलेल्या नोकरीचा तिथे पत्ताच नसला तर काय सांगाल? नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याशी बोलणंच नको. चांगली कंपनी पैसे मागत नाही.

तेव्हा या हंगामात पालकांनी एवढं करावं: मुलाखतीच्या दिवशी घरी थांबावं, आणि मुलगा एखादी ऑफर नाकारणार असेल तर तो मेल त्याला स्वतः लिहू द्यावा, आज संध्याकाळच्या आत.