पोटऱ्या भरल्यात म्हणून

"पोटऱ्या बघा कशा भरल्यात, पैलवान होणार!" सासूबाई कौतुकानं म्हणायच्या आणि मीही सुखावायचे. लेक तेव्हा चार वर्षांचा. चवड्यांवर चालायचा, जिन्याचा कठडा सोडायचा नाही, पळताना सगळ्यांच्या मागे. चालायलाच दीड वर्ष उलटल्यावर लागला होता. "मुलगे उशिराच चालतात," हे आम्ही मानून टाकलं.

जेवून उठायचा तो प्रकार मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. आधी ओणवा व्हायचा, मग हात नडगीवर, गुडघ्यांवर, मांड्यांवर सरकवत जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहायचा. "म्हाताऱ्यासारखा काय उठतोस?" म्हणून मी ओरडायचे. बळ यावं म्हणून जिने चढउतार करायला लावायचे. अशा ताणानं त्याचे स्नायू आणखी झिजत होते. त्या उठण्याला डॉक्टर गॉवर्स चिन्ह म्हणतात, हे कळायला दोन वर्षं गेली.

ती वर्षं लिव्हरच्या औषधांत गेली. तापात रक्त तपासलं, एसजीपीटी वाढलेलं निघालं. कावीळ नाही, सोनोग्राफी स्वच्छ, तरी गोळ्या आणि पथ्य चालूच. हे एन्झाइम स्नायूंतूनही रक्तात उतरतं, हे कुणी सांगितलं नाही. शेवटी एका बालमेंदूतज्ज्ञ मॅडमनी त्याला जमिनीवरून उठायला लावलं आणि चिठ्ठीवर सीपीके लिहिलं. फार तर २०० च्या आसपास हवं ते १८,००० आलं. एमएलपीए तपासणीत डिस्ट्रॉफिन जनुकाचा तुकडा गळालेला दिसला. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू झिजत जाणारा आजार.

तुमचा मुलगा असा उठत असेल, किंवा कारणाशिवाय एसजीपीटी वाढलेलं असेल, तर सीपीके आधी करा. साधी रक्ततपासणी आहे. तो उठतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा; दवाखान्यात मुलं नेमकी मांडीवरून उतरत नाहीत. सीपीके खूप वाढलेलं असून एमएलपीएत काही दिसलं नाही तरी थांबू नका, जनुकाची सविस्तर तपासणी मागा. आजार बरा होत नाही, पण वेळेवर स्टेरॉइड सुरू झालं तर चालणं जास्त काळ टिकतं. हृदयाची तपासणी नियमित हवी. आणि कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आठवणीनं सांगा, भुलीची काही औषधं या मुलांच्या जिवावर बेततात.

जनुकातला हा दोष बहुतेकदा आईकडून येतो. माझा रिपोर्ट तसाच आला, तेव्हा धाकट्या बहिणीला तिसरा महिना होता. त्याच संध्याकाळी तिला फोन केला. तिच्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत आम्ही दोघी नीट जेवलो नाही. तिच्यात दोष नव्हता.