व्हिडिओ गेममधील चित्रणाचा विकास : मर्यादा आणि रूप



छंदाचे बंधन कवीच्या शब्दयोजनेला कसे वळण देते, हे तुम्ही काव्याच्या अभ्यासात पाहिले आहे. माध्यमाची मर्यादा कलाकृतीचे रूप घडवते, हाच विचार आता व्हिडिओ गेमच्या संदर्भात तपासून पाहू.

१. मर्यादेतून परिणाम

जपानमधील तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा गेम तयार केला. त्यात परग्रहवासीयांच्या रांगा हळूहळू खाली सरकतात. सर्व आकृत्या एकाच वेळी वेगाने हलविण्याची शक्ती यंत्रात नव्हती. मात्र आकृत्या नष्ट होत गेल्या, की यंत्रावरील भार हलका होई आणि उरलेल्या आकृत्यांचा वेग वाढे. निशिकादो यांनी हा दोष तसाच राहू दिला. खेळणाऱ्याच्या मनावरील वाढता ताण हा या गेमचा प्राण ठरला.

२. मर्यादेतून व्यक्तिरेखा

शिगेरू मियामोतो यांच्या ‘डाँकी काँग’ (१९८१) या गेमचा नायक पुढे मारिओ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याची आकृती मोजक्या ठिपक्यांत बसवायची होती. तोंड रेखाटणे कठीण, म्हणून मिशी आली. केस दाखविणे कठीण, म्हणून टोपी आली. हातांची हालचाल उठून दिसावी, म्हणून अंगातील कपड्यांना दोन भिन्न रंग दिले गेले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा संपूर्ण गेम सुमारे ४० किलोबाइटमध्ये सामावला होता. त्यामुळे त्यातील ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे. केवळ रंग बदलतो. पांढरा आकार आकाशात दिसला, की आपण त्याला ढग मानतो. चित्राची उणीव येथे पाहणाऱ्याची कल्पना भरून काढते.

३. मर्यादा सरल्यानंतर

१९९६ मधील ‘सुपर मारिओ ६४’ या गेमची त्रिमिती सृष्टी बहुभुजांच्या साहाय्याने उभी केलेली आहे. आता दृश्य कोणत्या कोनातून पाहावे, हा नवा प्रश्न उभा राहिला आणि तो कोन बदलण्याची सोय खेळणाऱ्याला देण्यात आली. तोंड रेखाटणे आता शक्य होते. तरीही मारिओची मिशी आणि टोपी कायम राहिली. एके काळची सक्ती आता संकेत बनली होती.

समारोप

चित्रणाचा विकास म्हणजे केवळ वास्तवाशी वाढत गेलेले साम्य नव्हे. कोणत्या अडचणीतून कोणते रूप जन्मले आणि अडचण सरल्यावरही ते का टिकले, हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे.

स्वाध्याय

तुमच्या परिचयाच्या एखाद्या लोककलेत साधनांच्या मर्यादेतून कोणता संकेत रूढ झाला आहे, ते सोदाहरण स्पष्ट करा.