खुब्याचा सांधा आणि सिकलसेल

हाडांची टोके सांध्यापाशी गोलसर का असतात, याचे उत्तर खुब्याच्या सांध्याइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच मिळेल. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते कटीच्या हाडातील खोलगट वाटीत बसते. म्हणून यास उखळीचा सांधा म्हणतात. मांडी घालून बसणे, उकिडवे बसून निंदणी करणे ही कामे या गोलाईमुळेच साधतात. गोल शीर्षावर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवावरच तिचे पोषण होते.

आवरणाखालील हाडास मात्र रक्त हवेच, आणि येथेच या रचनेची उणीव आहे. हे रक्त मुख्यतः हाडाच्या मानेवरून चढणाऱ्या मोजक्या बारीक वाहिन्यांतून येते. पर्यायी मार्ग तुटपुंजा. पाटाच्या शेवटच्या टोकावरील शेतासारखीच ही अवस्था होय.

सिकलसेल आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, हे १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रथम नोंदविले. महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांत हा आनुवंशिक आजार विशेष आढळतो. अशा पेशी त्या बारीक वाहिन्यांत अडकल्या की शीर्षातील हाड निर्जीव होऊ लागते. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. त्याखाली निर्जीव भाग खचतो, गोलाई जाते आणि सांधा कायमचा अडखळतो.

दुखणे जांघेत जाणवते. पण कित्येकदा मूल केवळ गुडघा दुखतो असे सांगते. गुडघ्यात काही सापडत नाही आणि मूल आळशी ठरते! लंगडणाऱ्या किंवा मांडी घालण्याचे टाळणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी आरोग्य केंद्रात पाठविणे म्हणूनच अगत्याचे आहे. सुरुवातीस क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते; एमआरआय तपासणीत बिघाड लवकर कळतो. गोलाई शाबूत असेतो सांध्यावरील भार कमी करणे व हाडास छिद्र पाडून आतील दाब उतरविणे हे उपाय करता येतात. शीर्ष खचल्यावर बहुधा कृत्रिम सांध्याचाच मार्ग उरतो, आणि तरुण वयात बसविलेला असा सांधा पुढे पुन्हा बदलावा लागण्याचा संभव असतो.

आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकास सहसा त्रास नसल्याने रक्ततपासणीविना हे कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीतही सिकलसेलचा समावेश आहे, याची नोंद ग्रामपंचायतींनी घ्यावयास हवी.