जनाची लाज आणि मनाची टोचणी : 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी काय शिकवते?



'जनाची नाही, तर निदान मनाची तरी ठेव' असं आपण सहज बोलून जातो. या छोट्याशा वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनाची लाज म्हणजे लोक काय म्हणतील ही भीती. मनाची लाज म्हणजे कुणी बघत नसतानाही आत लागलेली टोचणी. या दोन्हींचं माणसावर काय होतं, हे समजून घ्यायला नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी फार उपयोगी आहे. ती 1850 मध्ये प्रसिद्ध झाली. कथा मात्र त्याच्याही दोनशे वर्षं आधीची, 1640 च्या दशकातल्या बॉस्टन शहरातली आहे.

प्युरिटन समाज कसा होता?

इंग्लंडमधल्या चर्चमध्ये अजून शुद्धीकरण व्हायला हवं, असं मानणारे कडक ख्रिस्ती लोक म्हणजे प्युरिटन. त्यांच्यातल्या अनेकांनी समुद्र ओलांडून अमेरिकेत वस्ती केली. बॉस्टन वसलं ते 1630 साली. या समाजात पाप आणि गुन्हा यांच्यात फारसा फरक नव्हता. चूक ही त्या माणसाची खासगी बाब नसून सगळ्या गावाची बाब मानली जाई. म्हणून शिक्षाही चारचौघांत, भर बाजारात होई.

कथा थोडक्यात

हेस्टर प्रिन या तरुण स्त्रीचा नवरा बराच काळ बेपत्ता आहे आणि तिला मूल होतं. कायद्याने या गुन्ह्याला मृत्युदंड होता. न्यायाधीश दया दाखवतात. तिने बाळाला घेऊन तीन तास शिक्षेच्या चौथऱ्यावर उभं राहायचं आणि आयुष्यभर छातीवर लाल रंगाचं 'ए' हे अक्षर लावायचं. व्यभिचाराला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचं हे पहिलं अक्षर.

मुलीचा बाप कोण, हे हेस्टर शेवटपर्यंत सांगत नाही. तो असतो गावाचा लाडका तरुण धर्मगुरू, आर्थर डिम्सडेल. आणि गंमत बघा, 'बापाचं नाव सांग' असं तिला चौथऱ्यावर समजावण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते! तो समजावतो, ती नकार देते आणि तो सुटतो. पण खरंच सुटतो का?

उघडी जखम आणि झाकलेली जखम

इथून पुढची सात वर्षं हॉथॉर्न दोघांना शेजारी ठेवून दाखवतो.

हेस्टर गावाबाहेर समुद्राकाठच्या झोपडीत राहते आणि शिवणकाम करून पोट भरते. आजाऱ्यांची सेवा करते, गरिबांना मदत करते. लपवायचं काही उरलेलं नसल्यामुळे तिला नाटक करावं लागत नाही. हळूहळू लोकच म्हणायला लागतात की 'ए' म्हणजे 'एबल', म्हणजे समर्थ. अक्षर तेच राहिलं, अर्थ बदलला.

डिम्सडेलचं उलटं होतं. वरून मान वाढत जातो, आतून माणूस खचत जातो. तो उपास करतो, रात्र रात्र जागतो, कपाटात लपवलेल्या चाबकाने स्वतःला मारून घेतो. व्यासपीठावरून 'मी महापापी आहे' असंही सांगतो. पण मोघम! कशाबद्दल ते सांगत नाही. लोकांना वाटतं, केवढी ही नम्रता! म्हणजे कबुलीसुद्धा खोटेपणाचाच भाग बनते. हा मुद्दा मुलांशी बोलताना जरूर लक्षात ठेवा. 'माझं चुकलं' म्हणणं वेगळं आणि 'मी हे केलं' म्हणणं वेगळं.

एका रात्री तो अंधारात त्याच चौथऱ्यावर चढतो. हेस्टर आणि छोटी पर्ल तिथून जात असतात. तो त्यांना जवळ बोलावतो. पर्ल विचारते, उद्या दुपारी आमच्याबरोबर इथे उभा राहशील का? तो नाही म्हणतो. रात्री जमतं, दुपारी जमत नाही. त्याचा सगळा आजार इथे आहे. शेवटी सात वर्षांनी तो भर दिवसा, सगळ्या गावासमोर त्या दोघींचा हात धरून चौथऱ्यावर चढतो, सत्य सांगतो आणि तिथेच प्राण सोडतो.

मग चारचौघांतली शिक्षा चांगली का?

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. हेस्टरचं भलं त्या शिक्षेने झालं नाही, तिच्या स्वतःच्या कष्टांनी आणि धीराने झालं. शिक्षेने तिला एकटं पाडलं. काहीच न केलेल्या पर्लशीही गावातली मुलं नीट वागत नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे डिम्सडेल लपला का? कबुलीची किंमत काय असते, हे चौथऱ्यावरच्या हेस्टरकडे बघून त्याला समोर दिसत होतं. जो समाज चुकीचा तमाशा करतो, तो बघणाऱ्यांना चूक टाळायला नव्हे, लपवायला शिकवतो. हे या कादंबरीचं सार आहे, असं मला वाटतं.

खऱ्या इतिहासातली एक गोष्ट

1692 मध्ये बॉस्टनजवळच्या सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिलं गेलं. त्या न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न हा लेखकाचा पूर्वज. दुसरा न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल याने 1697 मध्ये बॉस्टनच्या चर्चमध्ये आपली लेखी कबुली वाचून घेतली. वाचन चालू असताना तो सगळ्यांसमोर उभा राहिला. त्याला कुणी चौथऱ्यावर ओढलं नव्हतं, तो आपणहून उभा राहिला. फरक इथे आहे.

आपल्यासाठी काय?

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. तरीही 'सगळ्यांनी बघा रे याच्याकडे' हे वाक्य वर्गात आणि पाहुण्यांसमोर घरातही ऐकू येतं. ते आपल्या आजच्या काळातला चौथराच आहे. वर्गातल्या एकाला उभं केलं की उरलेले सगळे गप्प बसायला शिकतात.

त्याऐवजी एवढं करून बघूया:

1. चुकीबद्दल मुलाशी एकट्याने बोलावं.
2. 'तू असाच आहेस' न म्हणता 'तू हे केलंस' म्हणावं. पहिल्या वाक्याने अक्षर छातीवर चिकटतं, दुसऱ्याने चूक सुधारता येते.
3. खरं सांगितल्यावर सांगण्याचीच शिक्षा होऊ नये. नुकसान भरून द्यायला मात्र जरूर सांगावं.
4. कबुलीनंतर तो विषय संपवावा, पुन्हा पुन्हा उकरून काढू नये.

मनाची टोचणी वाईट नाही, ती तर हवीच. पण ती मुलाला आतून पोखरू नये, यासाठी त्याला सांगायला एक जागा हवी. ती जागा आपण होऊ शकतो का, हा प्रश्न मुलांना नाही, आपल्यालाच आहे.