डोळ्यांत थेंब घालून ये

मिरज,
रविवार

चि. निखिल यास,


काल तुझ्या आईचा फोन आला. तुला शुगर निघाली हे तिने रडत सांगितलं आणि डोळे दाखवायला तू टाळाटाळ करतोस हे चिडून. शुगरसाठी रडायला नको, आपल्या घराण्यात ती आहेच. डोळ्यांच्या बाबतीत मात्र मी ताईच्याच बाजूची.

“मला लांबून बसची पाटी वाचता येते, मग कशाला?” असं तू म्हणालास म्हणे. नेत्रविभागात नोकरी होती तोवर हे वाक्य रोज कानावर पडायचं, आणि बोलणारे खोटं बोलत नसत. वाढलेल्या साखरेने डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या केसासारख्या रक्तवाहिन्या कमजोर होतात. त्यांना बारीक फुगवटे येतात, रक्त आणि चरबी झिरपते. पडद्याचा मधला भाग शाबूत आहे तोवर बसची पाटी दिसत राहते. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही. पुढे पडद्याला रक्त कमी पडलं की तिथे नव्या वाहिन्या फुटतात. त्या इतक्या नाजूक असतात की त्यांतून डोळ्यात रक्त उतरतं. आमच्याकडे धावत यायचे ते तेव्हा. डोळ्यापुढे काळी जाळी आली म्हणत.

“आत्ताच तर शुगर कळली” हेही कारण नको. कळली आत्ता, सुरू कधी झाली कुणास ठाऊक! ब्रिटनमध्ये १९७७ साली मधुमेहाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात नुकतंच निदान झालेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोकांच्या पडद्यावर आधीच खुणा सापडल्या होत्या. म्हणून तुझ्या प्रकारच्या मधुमेहात पहिली तपासणी निदान झाल्या झाल्या, आणि मग डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नाही तर दरवर्षी.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली, असं नाही. थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. थेंब चरचरतात. अर्धा तास डोळे मिटून बसायचं, मग डॉक्टर प्रखर उजेड टाकून “वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा” करतात. नंतर काही तास जवळचं पुसट दिसतं आणि ऊन बोचतं. मोबाइल वाचता येत नाही म्हणून तरुण पोरं सगळ्यात जास्त कुरकुरतात! तेव्हा बाइक घरी ठेव, गॉगल बरोबर ने. आणि शुगर वरखाली होत असताना नवा चष्मा करू नकोस. डोळ्यातलं भिंग फुगतं-उतरतं, नंबर बदलतो, पैसे वाया.

साखरेवर सगळेच बोलतात, बीपीकडे कुणी बघत नाही. त्याच ब्रिटिश अभ्यासात बीपी नीट ताब्यात ठेवलेल्यांमध्ये पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी निघालं. तेव्हा तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट बघशील तेव्हा बीपीचाही आकडा लिहून ठेव. आणि खिशातली पुडी... ताईला माहीत नाही, मला आहे.

लेझर केलं आणि नजर गेली, असं सांगणारे भेटतील. त्यांतले बरेचजण आलेलेच उशिरा असतात. लेझर आहे ती नजर राखायला, गेलेली आणायला नाही. त्याने अंधारातलं थोडं कमी दिसू शकतं, हेही खरं. मधल्या भागाला सूज असेल तर डोळा बधिर करून इंजेक्शन देतात. ते एकावर भागत नाही, आणि दोन घेऊन बरं वाटलं की माणसं गायब होतात. कुणी डोळ्यात मध घालायला सांगितलं तर सरळ नाही म्हण.

जाशील तेव्हा ताईलाही ने. मोतीबिंदू काढला म्हणजे डोळ्यांचं काम संपलं, असं ती धरून बसली आहे. भिंग बदललं तरी मागचा पडदा जुनाच, आणि तिची शुगर तुझ्यापेक्षा कितीतरी जुनी. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. दोघांचे रिपोर्ट फोटो काढून पाठव.

तुझी,
मावशी